खंजिरी धरणारी पोरं

वऱ्हाडातल्या कित्येक पोरापोरींच्या हातात पहिलं वाद्य येतं ते त्यांच्या घरचं नसतं, गावच्या भजन मंडळाचं असतं. प्रार्थना मंदिरात किंवा मारुतीच्या देवळामागच्या खोलीत खुंटीला टांगलेलं. लाकडी कडं हातांच्या घामानं काळवंडलेलं, एका अंगानं बकऱ्याचं कातडं मढवलेलं. आजोबांनी वाजवलेलं, बापानं अर्धवट सोडलेलं, आणि आता सात-आठ वर्षांच्या तळहातात न मावणारं. खंजिरी. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत मुलांना वाद्य शिकवणारी सगळ्यांत मोठी शाळा माझ्या मते हीच आहे. तिला इमारत नाही, फी नाही, हजेरीपट नाही. संगीत शिक्षणाच्या चर्चेत तिचं नाव निघत नाही, हे मला अनेक वर्षं खुपत आलं आहे.

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की तासाभराच्या आत मोझरीचा गुरुकुंज आश्रम येतो. त्याच तिवसा तालुक्यातल्या एका गावात दसऱ्यानंतरच्या दिवसांत मी ही शाळा भरलेली पाहिली. सोयाबीन घरात आलेलं, कपाशीची पहिली वेचणी सुरू झालेली. सामुदायिक प्रार्थना संपली होती. मोठी माणसं 'जय गुरु' म्हणत उठली, पोरं मात्र मागंच राहिली. शिकवणारे काकाजी शेतकरी. दिवसभर वेचणीवर होते, पायावर अजून काळ्या मातीचे शिंतोडे. त्यांनी भिंतीवरच्या खंजिऱ्या काढल्या आणि नवीन आलेल्या पोरांपैकी एकालाही दिल्या नाहीत.

आधी टाळी. मग टाळ. मग खंजिरी. हा क्रम ते मोडत नाहीत. टाळीत पोरगं लय पकडतं का ते कळतं. टाळ दिला की दुसऱ्याच्या टाळात आपला टाळ मिसळायला शिकतं, कारण टाळ चुकला की सगळ्यांना ऐकू जातो. महिना-दोन महिने असं गेल्यावर एखाद्या संध्याकाळी काकाजी न सांगता त्या पोराच्या पुढ्यात खंजिरी सरकवतात. कुठला समारंभ नाही. पण ज्याच्या पुढ्यात ती सरकते त्या पोराचा चेहरा बघण्यासारखा असतो.

त्या दिवशी एका मुलाला ती मिळाली होती, तिसरीतला असावा. त्यानं कडं दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"हात काहून आवळतं बाप्पा? थे खंजेरी हाय, वखराचं रुमणं नाही."

पोरानं पकड सैल केली तर खंजिरी मांडीवर पडली. काकाजींनी त्याचा डावा हात धरून कडं अंगठा आणि बोटांच्या बेचक्यात बसवलं. वजन मनगटावर नाही, तळहाताच्या गादीवर. मग त्याच डाव्या हाताची बोटं काठाशी कातड्यावर टेकवली. खंजिरीचं सगळं गुपित या डाव्या हातात आहे. उजवा हात वाजवतो हे कुणालाही दिसतं, पण काठाशी बोटांचा दाब वाढवला की कातडं ताणलं जाऊन आवाज वर चढतो, दाब काढला की खाली उतरतो, आणि या चढउतारातून ती घुमदार हुंकारणारी ओळ निघते, जिच्यामुळे एका छोट्या कड्याला माणसाच्या गळ्यासारखं बोलता येतं. लहान मुलाची बोटं त्या जागेपर्यंत पुरतच नाहीत. म्हणून जाणता शिकवणारा पोरासाठी लहान कड्याची, जुनी, कातडं जरा मवाळ झालेली खंजिरी निवडतो.

"काकाजी, माहा अंगठा दुखून रायला."

"दुखन दोन दिवस. मंग तोच साथ देईन."

उजव्या हाताला दोनच गोष्टी शिकवल्या. एकट्या तर्जनीनं काठावर मारायचं, त्याचा आवाज टणक. चारही बोटं जुळवून मधोमध थाप द्यायची, त्याचा आवाज गोल. या दोहोंतून आठ मात्रांचा केरवा उभा राहिला. तबल्याच्या क्लासला आधी बोल पाठ करून घेतात, हातानं मात्रा मोजायला लावतात. इथं तसं काही नव्हतं. काकाजी भजनाची ओळ म्हणायचे, पोरं ती झेलायची, आणि जो शब्द ज्या झोकात यायचा तिथं हात पडायचा. मुलगा चुकला की ते 'मात्रा चुकली' म्हणत नव्हते, 'शब्द खाल्ला' म्हणत होते. मला ही पद्धत फार मोलाची वाटते. लहान मुलाला ताल हे गणित म्हणून शिकवता येतं, पण वाक्यातून शिकवला तर तो अंगात राहतो. घरी जाताना, बकऱ्या हाकताना, शाळेच्या बाकावर बोटं वाजवताना पोरगं ती ओळ म्हणतं आणि सराव आपोआप होतो. घरी वाद्य नसलं तरी त्याचा अभ्यास बुडत नाही.

आणि पोराला पहिल्या दिवसापासून एकट्यानं वाजवावं लागत नाही. तो चुकला तरी चार खंजिऱ्या बरोबर चाललेल्या असतात, मागं झील धरणारे असतात. त्याची चूक आवाजात बुडून जाते, बरोबर पडलेला हात मात्र त्याला स्वतःला कळतो. क्लासमध्ये एकेकट्याला समोर बसवून वाजवायला सांगितल्यावर घाबरून वाद्यच सोडून देणारी किती मुलं मी पाहिली आहेत. खंजिरी सोडणारी पोरंही असतात, पण भीतीनं सोडलेलं पोरगं इथं सापडणं अवघड.

हे सगळं आलं कुठून, हे वऱ्हाडात कुणाला सांगावं लागत नाही, पण पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगायला हवं. यावलीला ३० एप्रिल १९०९ रोजी जन्मलेला माणिक बंडोजी इंगळे हा मुलगा शाळेत फार रमला नाही. वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या पायाशी बसला, त्यांनी त्याला तुकड्या म्हटलं, आणि पुढं तो तुकडोजी महाराज झाला. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९३६ मध्ये गांधीजींकडे सेवाग्रामला त्यांचा मुक्काम झाला. १९४२ च्या आंदोलनात आष्टी-चिमूरचा भाग पेटला तेव्हा सरकारनं त्यांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. 'ग्रामगीता' आली ती १९५५ मध्ये, आणि त्याच वर्षी ते जपानला विश्वधर्म परिषदेला गेले. या सगळ्या प्रवासात त्यांच्या हातात खंजिरी होती.

त्यांनी हेच वाद्य का धरलं असेल याचा विचार करावा. गावोगाव फिरणाऱ्या माणसाला झोळीत मावणारं वाद्य हवं. तोंड मोकळं हवं, कारण गायचं आहे आणि मधेच थांबून बोलायचं आहे. हजारोंच्या सभेत शेवटच्या माणसापर्यंत पोचणारी थाप हवी. तुटलं-फाटलं तर गावातच दुरुस्त होणारं हवं. पेटी या कसोटीला उतरत नाही, तबला तर नाहीच. पण मला त्याहून मोठं कारण वेगळं वाटतं. गावगाड्यात वाद्यांनाही जात होती. हलगी कुणी वाजवायची, सनई कुणी फुंकायची, डफाला कुणी हात लावायचा, हे ठरलेलं होतं. तुकडोजी महाराजांनी खंजिरी प्रार्थनेच्या मधोमध आणली आणि प्रार्थनेला सगळ्या गावाला एका ओळीत बसवलं. समोर कुठल्या एका देवाची मूर्ती नाही, फक्त अधिष्ठान. मग त्या जागी वाजणारं वाद्य एका घराचं किंवा एका जातीचं कसं राहणार? कातड्याला हात लावण्याची शिवाशिव ज्या पिढीच्या मनात होती, त्या पिढीच्या पोरांनी संध्याकाळी तेच कातडं मांडीवर घेतलं. ही साधी गोष्ट नव्हती. जातिभेदावरची शेकडो व्याख्यानं जिथं पोचली नसती, तिथं एका वाद्याची थाप पोचली.

गोष्ट किती मोठी होती, हे समजायला दूरच्या एका वाद्याकडे बघावं लागतं. ते म्हणजे हार्प. तारा उभ्या ताणलेलं, मांडीवर किंवा खांद्याशी टेकवून दोन्ही हातांनी छेडायचं हे वाद्य आपण युरोपचं समजतो. पण लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यात, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या शिल्पात, एक बाई धनुष्याकृती हार्प वाजवते आहे आणि शेजारी नर्तकी नाचते आहे. चौथ्या शतकात समुद्रगुप्तानं सोन्याच्या नाण्यांवर स्वतःला वीणा वाजवताना दाखवलं, ती वीणाही याच जातीची. मग हळूहळू दांडीच्या वीणा आल्या आणि धनुष्याकृती वीणा भारतातून जवळजवळ नाहीशी झाली. म्यानमारमध्ये ती 'साउंग' म्हणून टिकली आणि तिथं मुलांना आजही शिकवली जाते.

आपल्याकडे ती संपली असंच सगळे मानत होते. १९८० च्या दशकात रॉडरिक नाइट या अमेरिकन अभ्यासकानं मध्य प्रदेशात मंडला भागातल्या परधानांकडे तशीच एक धनुष्याकृती हार्प वाजताना नोंदली. तिला ते बीनबाजा म्हणत. परधान म्हणजे गोंडांचे भाट, त्यांच्या राजांच्या आणि देवांच्या कथा गाणारे. आपल्या विदर्भातही यवतमाळ-चंद्रपूरकडे परधान आहेत, त्यांच्या हातात किकरी असते. शामराव हिवाळे या मराठी माणसानं १९४६ साली नर्मदेच्या खोऱ्यातल्या परधानांवर पुस्तक लिहिलं. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांच्यासोबत ते त्या भागात राहिले होते, त्यामुळे त्या पुस्तकात माणसं दिसतात. परधान ठरावीक वर्षांनी आपल्या गोंड यजमानांच्या घरी जायचे, वंशाच्या कथा गायचे, आणि त्यांना धान्य, कापड, जनावरं मिळायची. मुलगा बापाकडून शिकायचा, कारण पुढे तेच यजमान त्याचे होणार होते. यजमान गरीब झाले, देणं आटलं, तसं बापानं मुलाला शिकवण्यातलं कारणच संपलं. त्याच परधानांतून पाटनगढचा जनगढसिंग श्याम पुढं आला. भोपाळच्या भारत भवनानं त्याला उजेडात आणलं आणि त्याची चित्रं जगभर गेली. परधानांच्या पुढच्या पिढीनं वाद्याऐवजी कुंचला धरला. त्यात त्यांचं भलंच झालं, त्याचा मला आनंद आहे. बीनबाजा शिकायला मात्र पोरं उरली नाहीत.

आयर्लंडमध्येही हेच घडलं. तिथल्या सरदारांच्या घरी हार्पवादक असत. इंग्रजांनी ती घराणी मोडली तशी वादकांची भाकरी मोडली. १७९२ साली बेलफास्टमध्ये उरल्यासुरल्या वादकांना बोलावलं तर आयर्लंडमधले दहाच आले. त्यांतले बरेच म्हातारे, कित्येक आंधळे. एडवर्ड बंटिंग नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलानं त्यांच्या चाली उतरवून घेतल्या, म्हणून त्या आज आहेत. नंतर १८०८ मध्ये बेलफास्टला हार्प शिकवणारी शाळा निघाली. आर्थर ओ'नील हे आंधळे वृद्ध वादक तिथं गुरू होते आणि शिकणारी मुलंही आंधळी. काही वर्षांतच पैसे संपून ती बंद पडली. ती गोष्ट वाचताना मला फार वाईट वाटतं. गुरूही होते, शिष्यही होते, फक्त त्या वाद्यानं कुणाचं पोट भरणार नव्हतं, आणि ज्यांच्या दारात ते वाजायचं ती दारं राहिली नव्हती.

मंडलात काय आणि बेलफास्टमध्ये काय, वाद्य एका घराण्याकडे होतं आणि ते घराणं दुसऱ्या एका घराण्यावर जगत होतं. वरचं घर पडलं की खालचं वाद्य पडायचं. खंजिरीला असं वरचं घर नाही. ती कुणाची पोटाची सोय नाही. ती गावानं गावासाठी धरली, आणि म्हणून ११ ऑक्टोबर १९६८ ला तुकडोजी महाराज गेले तेव्हा ती थांबली नाही. दरवर्षी पुण्यतिथीला, आश्विन वद्य पंचमीच्या आसपास, गुरुकुंजाकडे दिंड्या आणि भजन मंडळं लोटतात. सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी तो सगळा जमाव मौन उभा राहतो. त्याच दिवसांत आश्रमाच्या आवारात जिकडे पाहावं तिकडे गटागटानं भजनं चाललेली असतात, आणि त्या गटांमध्ये भगव्या टोप्या घातलेली, कपाळाला गंध लावलेली पोरं आपापल्या गावच्या खंजिऱ्या घेऊन बसलेली असतात. मोठ्यांच्या गटात शेजारच्या तालुक्याचं मंडळ कसं वाजवतं ते डोळे मोठे करून ऐकत असतात. त्यांची खरी परीक्षा तिथं होते, कारण ऐकणारे सगळे जाणते असतात.

परीक्षेवरून स्पर्धा आठवल्या. खंजिरी भजन स्पर्धा वऱ्हाडात थंडीभर चालतात. त्यात लहान मुलांचे गट असतात, महिलांचे असतात. स्पर्धांमुळे पोरांचा उत्साह टिकतो हे खरं. गावाबाहेर जायला मिळतं, स्टेजवर बसायला मिळतं, ढाल घेऊन आल्यावर गावात मिरवणूक निघते. पण मला एक धोका दिसतो तो सांगतो. स्पर्धेसाठी बसवलेला गट एकच भजन चार महिने घोटतो. हात तयार होतात, पण तेवढ्या एकाच भजनापुरते. आधी संध्याकाळी प्रार्थनेला रोज वेगळं भजन यायचं, सणावाराला वेगळं, कुणाच्या घरी दुःख झालं तर वेगळं, आणि पोराला ऐनवेळी साथ करावी लागायची. न ठरवलेलं वाजवता येणं हेच वादकाचं खरं शिक्षण. स्पर्धेच्या परीक्षकांनी वाटल्यास गटाला तिथंच एखादं वेगळं भजन वाजवायला सांगावं. ढाल कुणाला द्यायची ते आपोआप कळेल.

अमरावतीहून पश्चिमेला बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्याला आलं आणि तिथून उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याकडे वळलं की अकोट लागतं. खंजिरीनं इथं वेगळंच रूप घेतलं. सत्यपाल महाराजांनी एकाऐवजी सात खंजिऱ्या वाजवायला सुरुवात केली. सात वेगवेगळ्या आवाजांच्या खंजिऱ्या समोर मांडायच्या आणि गाता गाता, बोलता बोलता, हसवता हसवता दोन्ही हात त्यांच्यावरून फिरवायचे. हुंडा, दारू, अंधश्रद्धा, गावातली घाण, आईबापांचे हाल, या सगळ्यावर त्यांचं अस्सल वऱ्हाडीतलं कीर्तन चालतं आणि मधेच सात खंजिऱ्यांचा असा गडगडाट होतो की मांडवातली पोरं उठून उभी राहतात. त्यांच्यानंतर सप्तखंजिरी वाजवणाऱ्या तरुणांची एक फळीच तयार झाली आणि विदर्भाच्या कानाकोपऱ्यांत त्यांचे कार्यक्रम होतात.

पोरांवर याचा परिणाम लगेच दिसतो. अकोट-तेल्हाऱ्याकडच्या गावांत मुलं डबे, ताटं, पत्र्याची झाकणं मांडून सात आवाजांचा खेळ करताना दिसतात. काही मंडळातल्या जुन्या लोकांना हे आवडत नाही. त्यांच्या मते खंजिरी ही साथीची, तिनं शब्दाच्या पुढं जाऊ नये. मी त्यांचं म्हणणं समजू शकतो. तरी मला वाटतं की पोराला वाद्याकडे ओढणारी गोष्ट अशीच भव्य असावी लागते. सात खंजिऱ्या पाहून आलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी प्रार्थना मंदिरात येऊन एक खंजिरी मागतं, आणि तिथं काकाजी त्याला टाळ देतात. त्यात काय बिघडलं? दक्षिणेतही असंच झालं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुदुक्कोट्टैच्या मानपूंडिया पिळ्ळै यांनी भजनी मंडळींच्या हातातली कंजिरा मैफिलीत आणून बसवली आणि पुढं तिच्यावर लांबच लांब तनियावर्तनं, म्हणजे एकट्या तालवाद्याची वादनं, वाजू लागली. तिकडे तिला घोरपडीचं कातडं लागायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घोरपडीला संरक्षण मिळालं, तेव्हा वादकांना बकऱ्याच्या आणि कृत्रिम कातड्याकडे वळावं लागलं. आपल्या खंजिरीला बकऱ्याचंच कातडं चालतं, हे बरं.

कातड्यावरून आठवलं. पावसाळ्यात खंजिरी बसते. श्रावणात हवा ओली झाली की कातडं ढिलं पडतं आणि थाप मारली की चिखलात पाय पडल्यासारखा आवाज येतो. म्हणून खंजिरी शेकायला लागते, चुलीशी किंवा दिव्याच्या बल्बपाशी धरून. हे कामही मुलांकडे असतं आणि ते त्यांना फार आवडतं. किती अंतरावर धरायची, कडं फिरवत कसं राहायचं, मधेमधे टिचकी मारून कान लावायचा, आवाज चढला की लगेच बाजूला घ्यायची, नाहीतर कातडं तडकतं. एका मुलीला मी हे करताना पाहिलं. ती बल्बखाली खंजिरी फिरवत होती, टिचकी मारत होती, आणि बाजूच्या पेटीवाल्यानं सूर धरला तसं तिनं मान हलवून "अजून" म्हटलं. अजून थोडं शेकलं. पुन्हा टिचकी. मग "झालं". सूर म्हणजे काय हे तिला कुठल्या पुस्तकातून कळणार होतं? अलीकडे बाजारात कृत्रिम पडद्याच्या खंजिऱ्या आल्या आहेत. त्या पावसात उतरत नाहीत, शेकाव्या लागत नाहीत. मंडळांनी सोयीसाठी त्या घेऊ नयेत असं मी म्हणणार नाही, पण मुलांना शिकवायला एक तरी कातड्याची ठेवावी.

मुलींचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ग्रामगीतेत महिलोन्नतीचा स्वतंत्र अध्याय आहे, महिलांची भजन मंडळं गावोगाव आहेत, आणि तरी बऱ्याच गावांत मुलीच्या हातात टाळ राहतो आणि खंजिरी मुलाकडे जाते. कुणी मनाई करत नाही, पण तसं होतं. मुलगी दहावीला गेली की तिचं संध्याकाळी येणंच थांबतं. ज्या गावांत महिला मंडळातल्या बाया स्वतः खंजिरी वाजवतात तिथं मुली टिकतात. त्या बायांना शिकवायला बोलवा, एवढा साधा उपाय आहे.

बाकीची संकटं माहीत असलेलीच आहेत. गणपती-दुर्गादेवीच्या मिरवणुकीत डीजे लागतो तेव्हा खंजिरी ऐकूच येत नाही. शिकवणारे काकाजी साठीच्या पुढचे आहेत आणि त्यांची स्वतःची मुलं पुण्याला किंवा नागपूरला कामाला. शेती नापिकीची. ज्या घरात कर्जाची चिंता आहे तिथलं पोरगं संध्याकाळी मोकळं असेलच असं नाही. हे सगळं असूनही कार्तिकात पहाटेचा काकडा निघतो तेव्हा थंडीत कानटोप्या घातलेली पोरं अंधारातच गोळा होतात. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत हा महिना म्हणजे वर्षातलं सगळ्यांत मोठं शिबिर. रोज पहाटे, ओळीनं, चालत चालत वाजवायचं. वर्षभरात जे बसत नाही ते या महिन्यात बसतं.

मग या मुलांना शाळा काय देते? दहावीला शास्त्रीय संगीत, लोककला, चित्रकला यांचे जादा गुण मिळण्याची सोय आपल्या राज्यात आहे. पण त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. अमरावती-अकोल्याच्या शहरी मुलाला तबल्याच्या परीक्षेचं प्रमाणपत्र मिळतं. सात वर्षं रोज संध्याकाळी खंजिरी वाजवलेल्या, न ठरवता कुठल्याही भजनाला साथ करू शकणाऱ्या तिवस्याच्या मुलाकडे काहीच कागद नसतो. त्याच्या गुरूकडेही नाही. हा अन्याय आहे आणि तो दूर करता येण्यासारखा आहे. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ इथंच आहे, तुकडोजी महाराजांचं अखिल भारतीय श्रीगुरुदेव सेवा मंडळ इथंच आहे. दोघांनी मिळून गावच्या मंडळांची नोंद करावी, जाणत्या वादकांची यादी करावी, आणि त्यांनी पारखलेल्या मुलाला प्रमाणपत्र द्यावं. अभ्यासक्रम आखायची घाई करू नये. तो आखला की बोल आणि मात्रा पहिल्या पानावर येतील आणि भजनाची ओळ शेवटच्या पानावर जाईल, ही भीती मला वाटते.

विद्यापीठाला वेळ लागेल. जिल्हा परिषदेच्या शाळांना लागायचं कारण नाही. पहिली ते आठवीला 'आनंददायी शनिवार' आता आलाच आहे, दप्तराशिवाय काहीतरी करायला सांगणारा. वऱ्हाडातल्या ज्या गुरुजींना आणि बाईंना त्या तासाला काय घ्यावं हा प्रश्न पडतो, त्यांनी गावच्या मंडळातल्या माणसाला निरोप पाठवावा. तो वेचणीवर असेल तर उशिरा येईल, पण येईल. त्याला बसायला खुर्ची द्या, चहा द्या, दुसऱ्या गावाहून येत असेल तर एसटीचं भाडं द्या, आणि शाळेसाठी लहान कड्याच्या पाच-सहा खंजिऱ्या घ्या. पेटी-तबल्याच्या मानानं त्या फारच स्वस्त पडतात, आणि वर्गातली मुलं-मुली आळीपाळीनं त्या वापरू शकतात.